शेवटच्या आजारपणात सोबतीला जाताना : सोलापुरातल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

या कामाला नवीन कुणी आलं की मी आधी विचारते, का यायचंय? उत्तरं साधारण ठरलेली असतात. कुणी रिटायर झालंय आणि दिवस खायला उठतो. कुणाच्या वडिलांना कॅन्सर झाला होता, तेव्हा सख्खे भाऊसुद्धा फिरकले नव्हते. हल्ली बरीच तरुण मुलं-मुली सांगतात, "नोकरी बरी आहे, पण त्यात काही अर्थ वाटत नाही. काहीतरी अर्थपूर्ण करायचंय." या उत्तराला मी नाक मुरडत नाही, ते खरं असतं. फक्त ते चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर ठेवून आत यायचं. आत झोपलेल्या माणसाला कूस बदलून हवी असते, त्याचं तोंड कोरडं पडलेलं असतं, रात्रभर डोळा लागलेला नसतो. तुमच्या आयुष्याला अर्थ मिळवून देण्याचं काम त्याच्या गळ्यात मारू नका. अर्थ मिळतो, पण हात कामात गुंतलेले असताना मिळतो, आणि बऱ्याचदा आपण शोधत नव्हतो तिथे.

म्हणून हा लेख मुख्यतः हातातल्या कामाबद्दल आहे.

सुरुवात कुठून करायची

हॉस्पिस म्हणजे मरायला नेऊन ठेवायची जागा, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. सिसिली सॉण्डर्स या बाईंनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या, त्यामुळे एकच माणूस तीन बाजूंनी बघायची त्यांना सवय होती. आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करता येतो, आणि ते वैद्यकाचंच काम आहे, हे त्यांनी लावून धरलं. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस म्हणजे मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झालेलं शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिपलाचं केंद्र 1997 पासून आहे. तिथे पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं आणि शुश्रूषा शिकून घरी जातं. आमच्यासारख्यांचा खरा आदर्श मात्र केरळ. 1993 साली कालिकतला छोट्या प्रमाणावर सुरू झालेलं काम पुढे गल्लीगल्लीतल्या साध्या माणसांनी उचललं: दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, कॉलेजची पोरं. औषधाचं डॉक्टर-नर्सनी बघायचं, बाकी शेजाऱ्यांनी.

सोलापूर जिल्ह्याचाही यात वाटा आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सरची देशातली पहिली लोकसंख्यानिहाय नोंदणी 1987 साली सुरू झाली ती आपल्या बार्शीत. तिथलं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आसपासच्या तालुक्यांतल्या लोकांना पाठ आहे.

तर चौकशी कुठे करायची? सिव्हिलमध्ये समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कुठल्या घरात मदत लागणार आहे हे डॉक्टरांच्याही आधी त्यांना कळतं. बार्शीला चौकशी करा. शहरात जे कॅन्सरचे डॉक्टर आहेत त्यांच्या नर्सला विचारा, घरी जाऊन बघणारी टीम कोणती आहे. पण एकट्याने, आपल्या मनाने, ओळखीच्या पेशंटकडे जाऊन समाजसेवा सुरू करू नका. ज्या गटाबरोबर जाणार त्यांना तीन गोष्टी विचारा: नर्स घरी येते का, रात्री काही झालं तर मी कुणाला फोन करायचा, आणि मला शिकवणार कोण. तिसऱ्याचं उत्तर "त्यात काय शिकायचं, मन मोठं पाहिजे" असं आलं, तर नमस्कार करून परत या. तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया ही संस्था ऑनलाइन वर्ग घेते, तोवर ते करा. आणि पहिल्या काही भेटींना जुन्या माणसाच्या मागे जाऊन नुसतं बघा.

एक अट मी कुणालाच सोडत नाही. घरातलं जवळचं माणूस जाऊन वर्ष व्हायचं असेल तर थांबा. दुसऱ्याच्या खाटेवर तुम्हाला आपलाच माणूस दिसत राहील.

पहिली भेट

फोन करून जा. फोनवर विचारायचा पहिला प्रश्न "पेशंट कसे आहेत" हा नव्हे. "तुमच्याकडे पाणी कधी येतं?" हा. सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्या घरात पाण्याचा दिवस म्हणजे चादरी, लंगोट, उशांचे अभ्रे, सगळ्याचा एकदम उरक. त्या दोन तासांत तुम्ही खुर्चीवर बसून गप्पा मारायला गेलात तर सूनबाई तोंडाने "बसा की ओ" म्हणेल आणि मनात तुम्हाला वैतागेल. पाण्याच्या दिवशी गेलाच तर बाही सारून पिंप भरा. तेवढ्यावर त्या घरात तुमचं नाव होतं.

चहा दिला तर नको म्हणू नका. तोंडाचा कॅन्सर असलेल्या घरी हे फार मोठं असतं. आपल्याकडे मशेरी, तंबाखू, मावा यांच्या पायी हे आजार खूप, आणि जखम उघडी असली की वास असतो. नातेवाईक यायचे कमी झालेले असतात, आले तर पाणीही न घेता उठतात, आणि ते पेशंटच्या नजरेतून सुटत नाही. पूर्ण कप चहा, खाटेजवळ बसून, सावकाश प्या. रुमाल नाकाला लावू नका. वासावर औषध आहे. मेट्रोनिडॅझोलची पूड जखमेवर घालायला नर्स शिकवतात आणि थोड्या दिवसांत फरक पडतो. अजून कुणी सांगितलं नसेल तर नर्सच्या कानावर घाला, तुम्ही स्वतः काही लावू नका.

उभं राहून बोलू नका, खाली वाकून तर नकोच. खुर्ची किंवा पाट घ्या आणि नजर समोरासमोर येईल असं बसा. हाक काय मारायची ते विचारा. पूर्व भागात तेलुगू घरात अम्मा, अक्का, अण्णा चालतं, लिंगायत घरात अप्पा, अव्वा, आणि कुणी निवृत्त मास्तर असले तर त्यांना "सर"च लागतं, मग अंगावर नुसता बनियन का असेना. भाषा येत नसली तरी एक शब्द पाठ करा, दुखण्याचा: तेलुगूत नोप्पी, कन्नडमध्ये नोवु. शेवटच्या दिवसांत माणसं बऱ्याचदा आईच्या भाषेत जातात, आणि दुखतंय का हे विचारायला दुभाष्या शोधत बसायला वेळ नसतो.

आणखी एक, घरातल्या गोष्टी आपल्या कल्पनेने "सुधारू" नका. आमच्याकडे आलेली एक नवी मुलगी फार नीट, शिस्तीची. अशोक चौकाच्या बाजूला एका माग कामगाराकडे गेली, शेजारच्या कारखान्याचा खडखडाट ऐकून तिने खिडकी लावून घेतली. पेशंटला शांत झोप मिळावी म्हणून. ते गृहस्थ तळमळायला लागले. चाळीस वर्षं मागावर उभं राहिलेला माणूस, तो आवाज थांबला की त्याला जाग येत होती. सुट्टीच्या दिवशी माग बंद, तर त्या दिवशी त्यांची झोप सगळ्यात वाईट. खिडकी उघडल्यावर पंधरा मिनिटांत घोरायला लागले. त्या मुलीला या कामाची गोडी लागली ती तिथून.

हाताने करायची कामं

इथे जरा जास्त वेळ घेते, कारण नव्या लोकांना बोलायचं कसं याची चिंता असते आणि कूस कशी बदलायची हे माहीत नसतं.

कूस दर दोन तासांनी बदलायची. डावी, पाठ, उजवी. पूर्ण आडवं वळवायची गरज नाही, पाठीमागे उशी सरकवून थोडं तिरकं केलं तरी भार हलतो. ओढायचं नाही, उचलून सरकवायचं, नाहीतर कातडी घासते. त्यासाठी जुनी सुती साडी चौपदरी करून कमरेखाली आडवी घाला. दोन बाजूंनी दोघांनी धरली की माणूस अलगद सरकतो. सोलापुरी चादर अंगावर घ्यायला उत्तम, पण अंगाखाली नको. जाड वीण कातडीला टोचते आणि घाम धरून ठेवते. हे सांगितलं की काही घरांत वाईट वाटतं, विशेषतः ती चादर त्यांनीच विणलेली असेल तर. मग ती पायावर घाला, मान राहतो.

माकडहाड, टाचा, खांद्याची पाती रोज उघडून बघा. लाल डाग दिसला आणि बोटाने दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर त्याच दिवशी नर्सला फोन. त्यावर चोळू नका. तेल लावून रगडायची आपल्याकडे फार हौस आहे, त्याने आतली इजा वाढते. हवेची गादी असेल तर लाइट गेल्यावर ती बसते का, ते बघून ठेवा. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. खाट दुपारपुरती आतल्या भिंतीकडे सरकवा, पत्र्यावर ओली पोती टाका, अंग ओल्या पंचाने टिपा.

तोंडाची स्वच्छता ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. ग्लासभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालायचा. मऊ सुती फडकं बोटाला गुंडाळून त्यात बुडवायचं, पिळायचं आणि हिरड्या, गाल, जीभ हलक्या हाताने पुसायची. ओठाला व्हॅसलिन. दिवसातून चार-पाच वेळा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. गंगाजल घालायचं असेल तर तुळशीच्या पानाने ओठ ओले करा. भावनाही राखली जाते आणि ठसकाही लागत नाही.

धाप लागत असेल तर पाठीला उशा देऊन बसतं करा, खोलीतली गर्दी बाहेर काढा आणि पंखा असा ठेवा की वारा गालावर येईल. साधा टेबलफॅन इथे बरंच काम करतो.

नखं कापणं, दाढी करणं, केस विंचरणं ही कामं मागून घ्या. दाढी करताना माणसं बोलतात. समोरासमोर बसून विचारलं तर जे येत नाही, ते गालाला साबण लावलेला असताना येतं.

औषधांपासून लांब, पण डोळे उघडे

स्वयंसेवकाने गोळी द्यायची नाही, वाढवायची नाही, थांबवायची तर नाहीच. तरी मॉर्फिनबद्दल माहिती हवी, कारण त्यावरून घराघरात भांडणं होतात. वेदना फार असतील तर डॉक्टर मॉर्फिनच्या गोळ्या देतात. त्या साधारण दर चार तासांनी, घड्याळ लावून घ्यायच्या असतात. दुखायला लागल्यावर घेऊ म्हटलं की आधी दुखणं चढतं आणि मग गोळी त्याच्या मागे धावत राहते. "सवय लागेल" आणि "एवढ्यात नको, शेवटासाठी राखून ठेवू", ही दोन वाक्यं तुम्ही प्रत्येक घरात ऐकाल. वाद घालू नका, नर्सला सांगून त्यांच्याकडूनच समजावून घ्या. मॉर्फिनने शौचाला घट्ट होतं, म्हणून जुलाबाचं औषध बरोबर दिलेलं असतं, आणि घरचे नेमकं तेच बंद करतात. तेव्हा "शौचाला झाली का" हा प्रश्न लाज न बाळगता दर भेटीत विचारा.

हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे वर्षानुवर्षं ते मिळवणं अवघड होतं. 2014 साली कायदा बदलला आणि मान्यता मिळालेल्या संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. पेशंट गेल्यावर उरलेल्या गोळ्या मोजून त्या संस्थेत परत करायला घरच्यांना सांगा.

अंगारा, ताईत, दर्ग्यातला धागा, यांना हात लावू नका. काढा किंवा पुडी असेल तर फक्त विचारा, कुठून आणली, किती दिवस चालू आहे, आणि नर्सला कळवा.

"आप्पांना काही सांगू नका हं"

हे वाक्य जिन्यातच ऐकायला मिळतं. मुलगा खाली येऊन थांबलेला असतो. "गाठ आहे म्हणून सांगितलंय, तुम्ही काही बोलू नका." त्याच्यावर चिडू नका, तो बापाला जपतोय. माझं उत्तर ठरलेलं आहे: "मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही, तुम्हाला आणि डॉक्टरांना विचारा म्हणेन." बहुतेक घरं एवढ्यावर मानतात.

आणि आप्पांना माहीत असतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने ज्याला चार वेळा टाटाला नेऊन आणलंय, जो परळच्या त्या रांगेत बसून आलाय, त्याला आपल्याला काय झालंय ते कळत नाही असं फक्त पोरांनाच वाटतं. मग बाप पोरांना त्रास नको म्हणून गप्प, पोरं बापाला त्रास नको म्हणून गप्प. ही कोंडी फोडणं तुमचं काम नाही. पण "मी यातून उठेन का?" असं आप्पांनी तुम्हालाच विचारलं तर "उठाल की, काळजी कशाला" म्हणून मोकळं होऊ नका. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारा आणि थांबा. हे थांबणं नव्या माणसाला फार जड जातं. पाऊण मिनिट कुणी बोललं नाही की लगेच क्रिकेट नाहीतर पाऊसपाणी काढतात. थांबलात तर ते शेताच्या वाटणीबद्दल बोलतील, धाकट्याच्या लग्नाबद्दल, कदाचित मरणाबद्दलही. मग एकच विचारा: हे मी पोराला सांगू का, की तुम्ही सांगता?

"देवाच्या मनात असेल तसं", "मागच्या जन्मीचं", "पॉझिटिव्ह राहा" ही तीन वाक्यं घरी ठेवून या. शेवटचं सगळ्यात वाईट, कारण त्यात पेशंट खचला तर दोष त्याच्याच माथी येतो.

दुखणं शरीराचंच असतं असं नाही

सॉण्डर्सबाईंनी वेदनेचे चार पदर सांगितले: शरीराचा, मनाचा, घरदार-पैशांचा आणि श्रद्धेचा. विडी कामगारांच्या वस्तीत काम केलं की याची पुस्तकी व्याख्या वाचावी लागत नाही. कुंभारीच्या घरकुलाकडे एक मावशी होत्या. दिवसा ठीक, रात्र झाली की दुखणं असह्य. गोळ्यांचा डोस वाढवला तरी रात्र तशीच. मंगळवारच्या आदल्या रात्री तर सगळं घर जागं. बऱ्याच दिवसांनी सुनेच्या तोंडून निघालं की मंगळवारी फायनान्सचा हप्ता असतो. कर्ज मावशींच्या नावावर, आणि वसुलीवाला दारात उभा राहून मोठ्याने बोलतो. आमच्यातला एक निवृत्त बँक कारकून कर्जाच्या गटातल्या बायकांना भेटला, कागद बघितले, कंपनीच्या शाखेत जाऊन हप्त्यांची फेरमांडणी करून घेतली. मावशींची मंगळवारची रात्र सुधारली. तो कारकून पेशंटच्या खाटेजवळ कधी दहा मिनिटांवर बसला नाही, त्याला ते जमतच नाही. तरी माझ्या मते आमच्या गटातला तो सगळ्यात कामाचा माणूस.

म्हणून स्वतःला काय जमतं ते ओळखा. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सर, पक्षाघात अशा आजारांचे निराधार बसतात, पण अर्ज तहसीलला करावा लागतो आणि कागद जुळवायला घरात कुणाला सवड नसते. ते करा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्याला तिकिटात सवलत असते, तिचा फॉर्म भरून द्या. स्वतःच्या खिशातून पैसे मात्र देऊ नका. दिलेत की तुमचं नातं बदलतं, मग खरं दुखणं तुम्हाला कुणी सांगत नाही.

आता बोलण्याबद्दल थोडं. हार्वी चोचिनोव्ह नावाचे कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यांनी शेवटच्या आजारातल्या लोकांसाठी प्रश्नांची एक पद्धत बसवली: आयुष्यात कशाचा अभिमान वाटतो, घरच्यांनी तुमच्याबद्दल काय लक्षात ठेवावं असं वाटतं, असे प्रश्न. उत्तरं लिहून काढून घरच्यांना द्यायची. आम्ही मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करतो, परवानगी घेऊन, आणि फाईल घरच्यांनाच देतो, आपल्याकडे ठेवत नाही. एवढे भारदस्त प्रश्न आपल्या माणसाला सरळ विचारले तर तो म्हणतो, "आमचं काय ओ, गेलं असंच." त्यापेक्षा काम विचारा. एका आजींना मी शेंगाचटणी कशी करता विचारलं. पुढची वीस मिनिटं नुसता दम देणं चाललं होतं. शेंगदाणे मंद आचेवर, साल काढायची, लसूण सालीसकट चालेल पण तिखट घरचंच, उखळात कुटायची, तेल सुटेपर्यंत कुटायची, मिक्सरला लावाल तर भुगा होईल, आणि हे सगळं नातसुनेच्या नावाने, कारण ती मिक्सरला लावते. नातसून दारात उभी राहून हसत होती. ते रेकॉर्डिंग त्या घरात आजही वाजतं.

इच्छा विचारा, पण झेपेल अशी. एका अप्पांना गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायचे होते. तरुणपणी स्वतः बाराबंदी घालून मिरवणुकीत चाललेला माणूस. गर्दीत व्हीलचेअर नेणं शक्यच नव्हतं. मिरवणुकीच्या वाटेवर ओळखीचं घर शोधलं, तळमजल्याची खोली, पहाटेच नेऊन ठेवलं, नर्सने गोळीची वेळ सांभाळली. "हर्र बोला हर्र" कानावर आलं तेव्हा त्यांनी हात जोडले आणि लगेच म्हणाले, आता घरी चला, पाठ भरून आली. मिरवणूक अजून पुढे यायची होती. आम्हाला थांबायचं होतं, त्यांना नव्हतं. घेऊन आलो.

घरातलं दुसरं माणूस

खाटेवरच्या माणसाकडे सगळे बघतात. स्वयंपाकघरातल्या बाईकडे तुम्ही बघा. शुश्रूषा करणारी बहुतेक वेळा सून नाहीतर मुलगी असते, आणि तिला कुणी विचारत नाही की तू जेवलीस का. दोन तास तुम्ही खाटेजवळ बसा आणि तिला घराबाहेर काढा. कुठे जायचं ते तिला ठरवू द्या. एकीने सांगितलं, मी सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर जाऊन नुसती बसले, देवळात पण गेले नाही. "किती करता हो तुम्ही" या कौतुकाचा तिला कंटाळा आलेला असतो. चिडचिड झाली, "आता सुटले तर बरं" असं तिच्या तोंडून गेलं, तर दचकू नका आणि ते बाहेर कुठे बोलू नका.

शेवटचे काही दिवस

खाणं थांबतं. घरात सगळ्यात मोठी घालमेल यावरून होते: "उपाशी मारायचं का?" आणि पाठोपाठ, "सलाईन तरी लावा." शरीर बंद व्हायला लागलं की त्याला अन्न पचवता येत नाही, भूकही लागत नाही. या काळात सलाईनचं पाणी बऱ्याचदा अंगावर सूज आणि छातीत कफ वाढवतं. हे डॉक्टरांनी सांगावं, पण सांगून गेल्यावर रात्री परत विचारतात तेव्हा तुम्ही असता. तेव्हा घरच्यांच्या हातात काहीतरी करण्यासारखं द्या: ताकाचा चमचा ओठाला लावणं, तोंड पुसणं, पाय दाबणं.

झोप वाढते. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते, ती ऐकणाऱ्याला फार भीतीदायक वाटते, पेशंटला तितका त्रास होत असेल असं डॉक्टर मानत नाहीत. कुशीवर वळवलं की कमी होते. हातपाय गार पडतात. माणसाला ऐकू येतंय असंच धरून बोला, म्हणजे खाटेजवळ बसून दिवस-तेराव्याच्या खर्चाची चर्चा करू नका. ही सगळी चिन्हं घरच्यांना आधीच सांगून ठेवलेली असली तर रात्री दोनला घाबरून अॅम्ब्युलन्स बोलावली जात नाही.

बेचैनी आली तर आधी कारण शोधायचं. लघवी तुंबली असेल, शौचाला झाली नसेल, दुखत असेल. नर्सला बोलवा. घरकुलातल्या त्या मावशींची बोटं शेवटच्या दोन दिवसांत सारखी हलत होती. मुलीला वाटलं झटका येतोय. नर्सने तपासलं, लघवी मोकळी केली, तरी बोटं चालूच. मग सुनेच्या लक्षात आलं. अंगठा आणि पहिलं बोट वळत होतं, मग करंगळीजवळ काहीतरी दाबल्यासारखं, मग परत. विडी वळत होत्या. पान, तंबाखू, वळणं, टोक दुमडणं. हजार विड्यांवर मजुरी ठरलेली, ती त्यांनी वयाच्या आठव्या वर्षापासून मोजलेली. मुलगी हात धरून ठेवायला बघत होती, सून म्हणाली, "करू द्या की त्यांना, आज कुणी मोजायला नाही."

गेल्यानंतरची कामं

घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार, हे आधीच ठरवून ठेवा. नेहमी बघणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहून नमुना 4अ भरून द्यायचा असतो. रात्री अपरात्री अनोळखी डॉक्टर तो देत नाहीत आणि घरच्यांची धावाधाव होते. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद 21 दिवसांत करायची. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत, आणि बहुतेक कॅन्सर पेशंटही डोळे देऊ शकतात, रक्ताचा वगैरे काही प्रकार सोडून. हा विषय आधी निघाला असेल तरच बोला.

ज्यांना आपल्या शेवटाबद्दल, म्हणजे तेव्हा कोणते उपचार नकोत हे, आधीच लिहून ठेवायचंय त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने वाट केली, आणि 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. शुद्धीत असताना करायची गोष्ट आहे ही. आणि पेशंटने विषय काढायची वाट बघत बसण्यापेक्षा आपण स्वतःचं आधी करावं, असं माझं मत.

अंत्ययात्रेला जायलाच हवं असं नाही. पण तेरावं किंवा चाळिसावा झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, एकदा नक्की जा. तिथे ती सून भेटेल, जिच्या दिवसाला दोन-दोन तासांचे तुकडे होते आणि आता एकही नाही. हवेची गादी परत न्यायचं निमित्त चांगलं असतं. तिला हवं तेवढं बोलू द्या.

स्वतःचा हिशोब

आठवड्यातून एक-दोन भेटी, एका वेळी दोन घरं, याहून जास्त नव्या माणसाने घेऊ नयेत. उत्साहात पाच घरं घेणारे तीन महिन्यांत दिसेनासे होतात. महिन्याची बैठक चुकवू नका. पेशंटचा फोटो, स्टेटस, "आज एका आजींनी मला जगणं शिकवलं" असल्या पोस्ट अजिबात नकोत. आजींनी तुम्हाला घरात घेतलं ते त्यासाठी नाही.

वही ठेवा. तारीख, दुखणं किती, झोप, शौच, घरात कोण थकलंय, नर्सला काय सांगायचं. पत्ता, पूर्ण नाव लिहू नका. वही रिक्षात राहिली तर कुणाचं घर कळायला नको. घरी आल्यावर रडू आलं तर ठीक. दर भेटीनंतर जेवण जात नसेल, चिडचिड वाढली असेल, किंवा याच्या उलट काहीच वाटेनासं झालं असेल, तर गटातल्या जुन्या माणसाला सांगा आणि महिनाभर थांबा.

थांबायचं असेल तर नीट थांबा. पुढे येणाऱ्याला बरोबर घेऊन शेवटच्या दोन भेटी करा, कूस कशी बदलतात, चहात साखर किती, खिडकी उघडी की बंद, ते त्याला दाखवा. आणि पेशंटला स्वतः सांगा की पुढच्या आठवड्यापासून मी नाही, हे येतील. फोन उचलणं बंद करून गायब होऊ नका.